अण्णांचा पहिला गिअर

दरवर्षी अण्णांच्या वाढदिवशी बाळ नापास व्हायचा.

बाळ हा अण्णांचा एकुलता एक मुलगा. वय पन्नाशीला टेकलेलं, कानशिलं पांढरी झालेली, शर्टाचं खालचं बटण ताणलेलं, तरी घरात नाव बाळच. उंच इमारतींच्या लिफ्ट तपासणं ही त्याची नोकरी. त्याची सही झाल्याशिवाय लिफ्ट हलत नसे. रोज हजारो माणसं त्या सहीच्या भरवशावर दोरांना लटकून वर जात आणि सुखरूप खाली येत. एवढ्यांचा जीव ज्याच्या हातात सोपवलेला, त्याच्या हातात आपल्या गाडीची किल्ली द्यायला त्याचा बाप मात्र तयार नव्हता.

घरात गाड्या दोन. रोजच्या वापरातली होती तिला सगळे 'डबा' म्हणत. नुसतं 'गाडी' म्हटलं की ती अण्णांची. दोघांपुरती, बिनछपराची, लांब नाकाची, हिरवी स्पोर्ट्स कार. बाळच्याही आधी या घरात आलेली. अण्णा पाणीपुरवठा खात्याचे मुख्य अभियंता होते. अख्ख्या शहराचं पाणी त्यांच्या एका इशाऱ्यावर चालू-बंद होई. निवृत्तीनंतर इशारे करायला ही गाडी आणि घरातली माणसं एवढंच उरलं. त्यांपैकी गाडीवर त्यांची माया होती.

रोज संध्याकाळी अण्णा एकटेच गाडी फिरवून आणत. गाडी चढावरून परत यायच्या सुमाराला स्वयंपाकघरात आईचा मिक्सर सुरू होई. गाडी गॅरेजमध्ये शिरली की मिक्सर थांबे. हा त्या घराचा नेम होता, आणि नेमाकडे कुणी लक्ष देत नाही.

गाडीचा गिअरबॉक्स जुन्या धाटणीचा होता. चार गिअर. त्यांतल्या वरच्या तिघांना पितळेची एकेक कडी. आत फिरणाऱ्या चाकांचा वेग ती कडी आधी जुळवून घेते आणि मग दातांत दात बसतात. पहिल्या गिअरला ती कडी नव्हतीच. गाडी चालत असताना पहिला टाकायचा तर वेग माणसानंच जुळवायचा. क्लच दाबा, दांडा मधे आणा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला बेताची टिचकी द्या, पुन्हा क्लच दाबा, आता पहिला टाका. टिचकी कमी पडली तर खर्र. जास्त पडली तरी खर्र. आणि ते खर्र असं की ऐकणाऱ्याच्या दाढा दुखाव्यात.

परीक्षा वाढदिवसाच्या सकाळी असायची. अण्णा शेजारच्या सीटवर बसत आणि डोळे मिटून घेत. गाडी कानानं चालवायची असते असं त्यांचं म्हणणं होतं. घराकडे येणाऱ्या चढावर एक काटकोनी वळण होतं. तिथं दुसरा गिअर दम टाकायचा आणि चालत्या गाडीत पहिला घालावाच लागायचा. बाळ घालायचा. खर्र व्हायचं. अण्णा डोळे उघडायचे आणि बाळकडे न बघता म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू."

हे बाळ कॉलेजात होता तेव्हा सुरू झालं. त्याचं लग्न झालं, त्याची मुलगी शिकून परगावी नोकरीला लागली, तरी तो त्याच इयत्तेत. एखाद्या शाळेनं असं केलं असतं तर लोकांनी शाळेच्या काचा फोडल्या असत्या. बापानं केलं की त्याला शिस्त म्हणतात. आणि जो मुलगा ते सोसतो त्याला लोक गुणी म्हणतात, म्हणजे त्यानं आणखी सोसावं.

खरं सांगायचं तर बाळला गाडी नकोच होती. तिच्यात पाय आखडायचे. त्याला हवा होता एक शब्द. 'जमलं.' एवढाच. अण्णांनी तो आजवर पंपांच्या बाबतीत वापरला होता, एका प्लंबरच्या बाबतीत वापरला होता, एकदा तर सूनबाईंच्या चहाच्या बाबतीतही. बाळच्या वाट्याला तो कधी आला नाही.

यंदा अण्णांनी जेवताना जाहीर केलं की आता वय झालं, ही परीक्षा शेवटची. नाही जमलं तर गाडी मागच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरला देणार.

"त्याला निदान दात जपायचं कळतं," अण्णा म्हणाले, आणि ताक मागितलं.

बाळला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मिस्त्रीचं गॅरेज गावाबाहेरच्या रस्त्यावर होतं. डब्याची सर्व्हिसिंग तिथंच व्हायची. मिस्त्री वाईट माणूस नव्हता. तो आशावादी होता, आणि त्याच्या धंद्यात हा जास्त घातक दोष आहे. बाळचं रडगाणं त्यानं हात पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, हाताला कशाला दोष देता? गिअरबॉक्स बदला."

त्याच कंपनीनं पुढं बऱ्याच वर्षांनी एक घरगुती मोटार काढली होती. तिचा पाच गिअरचा बॉक्स मिस्त्रीच्या शेडमागे ताडपत्रीखाली पडून होता. त्यात पाचही गिअरांना कड्या होत्या. पहिला गिअर लहान मूलसुद्धा घालेल, खर्र नाही की खुर्र नाही. बाहेरून काही दिसणार नाही. कंपनी तीच, रक्त तेच.

"बसतंय," मिस्त्री म्हणाला. "एका संध्याकाळचं काम."

बाळनं आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं. त्यामुळे त्याला त्याचा सराव नव्हता, आणि तिथंच सगळं घोडं अडलं. गाडी घराबाहेर काढायला कारण हवं होतं. दोन्ही सीटांची शिवण उसवली होती. बाळ म्हणाला, वाढदिवसाआधी सीट शिवून आणतो. अण्णांनी खूप वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि किल्ली दिली, ती सुद्धा परत घेण्याच्या आविर्भावात.

पहिल्या संध्याकाळी कळलं की इंजिनाची भोकं आणि नव्या बॉक्सची भोकं यांची ओळखदेख नाही. मधे जाड प्लेट घालावी लागणार. लेथवाल्याकडून प्लेट करून घेतली. प्लेटमुळे बॉक्स मागे सरकला आणि खालच्या आडव्या पट्टीवर आदळला. पट्टी कापून खाली घेतली. बॉक्स मुळातच लांब, त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आता जास्त लांब झाला. तो कापून आखूड केला. मग क्लच बसेना, मग स्पीडोमीटरची तार पुरेना. प्रत्येक वेळी मिस्त्री गाडीखालून तेच म्हणायचा. "बसतंय, साहेब." त्या माणसाच्या तोंडी दुसरं क्रियापदच नव्हतं.

इकडे घरी सीट शिवायला इतके दिवस का लागतात, याचं उत्तर रोज नवं द्यावं लागत होतं. आधी बाळनं रंग जुळत नसल्याचं सांगितलं. मग सीटवाला आजारी पडला. आयुष्यात कुणाच्या आजारपणाची चौकशी न केलेल्या अण्णांना नेमका याच सीटवाल्याचा पुळका आला. फळं घेऊन त्याला भेटायला जाऊ म्हणाले. बाळनं तिथल्या तिथं त्याला बरं केलं. मग अण्णा म्हणाले की बरा झाला असेल तर काम बघायला जाऊ.

म्हणजे आता सीट खरोखरच शिवणं आलं. गाडीच्या सीट शिवणारे सगळे कारागीर हातातल्या कामात अडकलेले. शेवटी एक सोफे करणारा तयार झाला. त्यानं मनापासून काम केलं आणि दोन्ही सीटांचा सोफाच केला. आत जाड फोम, वर बटणं. त्यावर बसलं की माणसाचं डोकं समोरच्या काचेच्या वर निघायचं. अण्णांनी सोफेवाल्याच्या दुकानात त्यावर बसून पाहिलं, दोनदा उड्या मारल्या आणि टोपी नीट करून बाहेर पडले.

शेवटची अडचण दांड्याची होती, आणि पुढचं सगळं महाभारत या दांड्यानं घडवलं. नव्या बॉक्सचा दांडा मूळ जागेच्या वीतभर मागे, पार कोपराखाली निघत होता. मिस्त्रीनं तो कापला, जुना दांडा त्याला वेल्डिंग करून पुढे वाकवला आणि वर अण्णांची जुनी लाकडी मूठ बसवली. बाहेरून काही म्हणता काही कळत नव्हतं. फक्त नव्या बॉक्समध्ये गिअरांच्या जागा वेगळ्या होत्या. जुन्यात पहिला गिअर डावीकडे पुढे. नव्यात त्या जागी रिव्हर्स, आणि पहिला त्याच्या बरोबर उलट, डावीकडे मागे. चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून कंपनीनं दांड्यावर एक कडं दिलं होतं. दोन बोटांनी ते वर उचलल्याशिवाय रिव्हर्स पडत नसे. दांडा कापताना कडंही गेलं.

बाळनं ते पाहिलं. त्याची नजर अशाच गोष्टींवर पोसलेली होती. एवढ्याशा खटक्यासाठी त्यानं बड्या बड्या इमारतींच्या लिफ्टना सील ठोकलं होतं, मालकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. तो दांड्याकडे बघत राहिला.

"हे कडं?" त्यानं विचारलं.

"चालवणार तुम्हीच ना?"

"मीच."

"मग झालं तर. तुम्हाला माहितीय."

बाळनं सही केली नाही इतकंच. बाकी त्या घटकेला त्यानं तेच केलं, जे करणाऱ्यांना तो नोकरीभर नोटिसा काढत आला होता.

वाढदिवसाची सकाळ स्वच्छ उजाडली. आई आणि सूनबाई फाटकाशी उभ्या राहिल्या. अण्णा नव्या सोफ्यावर चढून बसले. गाडी उतारावरून खाली गेली, मोकळ्या रस्त्याला लागली, आणि काचेवरून येणारा वारा दोघांच्या तोंडावर सपासप बसू लागला. अण्णांना डोळे मिटायला यंदा तत्त्वज्ञानाची गरज पडली नाही. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बाळचा हात नव्या जागांवरून बिनबोभाट फिरत होता.

वळण आलं. गाडी मंदावली. बाळनं क्लच दाबला, दांडा डावीकडे मागे ओढला. बोट लोण्यात जावं तसा पहिला गिअर पडला. खर्र नाही. काहीच नाही.

आणि बाळच्या लक्षात आलं की खरोखरच काहीच नाही. जुना पहिला गिअर पडला की कण्हायचा. वळणापासून फाटकापर्यंत ऊंऽऽ असा एक रडका सूर निघायचा. नवा बॉक्स मुका होता. अण्णांच्या भुवया वर चढू लागल्या. बाळनं पुढचामागचा विचार केला नाही. त्यानं ओठ मिटले आणि नाकातून तो सूर धरला. पन्नाशीचा, सरकारमान्य, दोन पदव्या घेतलेला लिफ्ट तपासनीस चढभर गिअरबॉक्स होऊन कण्हत राहिला. मधे श्वास घ्यावा लागला तेव्हा तो खोकला.

गाडी फाटकातून आत आली. उघड्या गॅरेजकडे पाठ करून त्यानं ती वळवून उभी केली. अण्णांनी डोळे उघडले, रुमालानं पुसले.

"पहिल्याचा आवाज जरा पडल्यासारखा वाटला," ते म्हणाले. "तेल बघून घे."

"बघतो."

मग त्यांनी रुमालाची नीट घडी घातली. फाटकाशी आईनं पदर मुठीत धरला होता.

"जमलं," अण्णा म्हणाले.

बाळनं या घटकेचा विचार इतकी वर्षं केला होता की ती आली तेव्हा काय करायचं ते त्याला सुचेना. तो खाली उतरला. सूनबाई काहीतरी म्हणाल्या तेही त्याला ऐकू आलं नाही. म्हणूनच अण्णा सरकून ड्रायव्हरच्या जागी बसल्याचं आणि त्यांनी आईला हाक मारून शेजारी बसवल्याचं त्याच्या ध्यानात जरा उशिरा आलं. दर वाढदिवसाला परीक्षा संपली की ते आईला एक चक्कर मारून आणत. हे त्याला ठाऊक होतं. हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

बोलायला वेळ होता. हे नीट समजून घ्या, कारण बाळनंही ते पुढं स्वतःपासून लपवलं नाही. अण्णांनी आरसा पुसला, आईला पदर आत घ्यायला सांगितला, इंजिन सुरू केलं. एवढ्या वेळात माणूस 'थांबा' म्हणू शकतो. पण 'थांबा' म्हटलं की 'का' येणार, आणि 'का' आलं की 'जमलं' जाणार. ते मिळून अजून चहासुद्धा झाला नव्हता.

अण्णांनी सवयीनं, न बघता, डावीकडे पुढे दांडा रेटला, इंजिनाला दिमाखात आवाज दिला आणि क्लच सोडला.

गाडी मागे गेली. ती हळू गेली नाही. अण्णा समोर फाटकाकडे बघत होते, आई समोर बघत होती, आणि दोघं तशीच्या तशी, मिरवणुकीतल्यासारखी ताठ, गॅरेजच्या अंधारात दिसेनाशी झाली. मग आवाज झाला. गॅरेजच्या मागच्या भिंतीशी धुण्याचं मशीन होतं. गाडीनं ते भिंतीत बसवलं. नळ मुळापासून उखडला आणि पाण्याचा फवारा छताला लागून पावसासारखा खाली आला.

बाळ आणि सूनबाई धावत पोचले तेव्हा शहराच्या पाणीपुरवठ्याचे माजी मुख्य अभियंता स्टिअरिंग धरून भिजत बसले होते. घराचा मुख्य कॉक कुठं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आई शांतपणे उतरली, चपला हातात घेतल्या, पाण्यातून चालत बाहेर गेली, जिन्याखाली वाकली आणि कॉक बंद केला.

"मी पहिलाच टाकला होता," अण्णा म्हणाले.

अण्णांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "गाडी मागे आली म्हणजे मी रिव्हर्स टाकला."

त्यांनी किल्ली काढली, ओल्या शर्टाला पुसली आणि बाळच्या हातावर ठेवली. "तूच ठेव आता. माझे हात गेले."

तेव्हाही बोलायला वेळ होता.

त्यानंतर घरात शांतता पसरली. इतकी वर्षं सगळे जिची वाट बघत होते तीच ही शांतता. अण्णा कुणाला बोलेनात. वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनानं काढायचं त्यांनी सोडलं. दूधवाल्याला मापावरून झापायचं सोडलं. जिना उतरताना कठडा धरू लागले. संध्याकाळी गाडीच्या वेळेला बागेतल्या खुर्चीत बसून राहायचे, आणि त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप हलायचा. पुढे, मागे. पुढे, मागे. मग ते त्या हातावर उजवा हात ठेवायचे. स्वयंपाकघरातला मिक्सरही त्या वेळेला बंद असायचा.

सूनबाईंना पहिले चार दिवस बरं वाटलं, आणि तसं त्यांनी मोकळेपणानं सांगितलंही. पाचव्या दिवशी त्या बाळला म्हणाल्या, "मला त्यांचा राग यायचा ते परवडायचं हो. आता मला त्यांची दया येते. हे बघवत नाही."

बाळ किल्ली खिशात घेऊन हिंडत होता. त्या किल्लीनं त्याच्या मांडीला वळ पडायचा बाकी होता. रोज सकाळी तो ठरवायचा की आज सांगायचं, आणि रोज कुठली ना कुठली लिफ्ट अडकायची. मग एका सकाळी चहाच्या वेळी अण्णा टेबलाशी आले. गालांवर पांढरे खुंट वाढलेले.

"बाळ," त्यांनी विचारलं, "दाढी करू का आज?"

ते थट्टा करत नव्हते. ते परवानगी मागत होते. वस्तरा हातात धरायची.

बाळनं कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. ताडपत्री, प्लेट, पट्टी, शाफ्ट, सीटवाला, सोफेवाला, कडं. नाकातून काढलेला सूरसुद्धा सांगितला. तो सांगताना सूनबाई उठून ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. अण्णांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"म्हणजे मी पहिलाच टाकला होता," ते म्हणाले.

"हो."

"डावीकडे. पुढे."

"हो अण्णा. तुम्ही बरोबर होतात. गाडी चुकीची होती."

अण्णांची पाठ हळूहळू सरळ झाली. मान वर आली. बागेतल्या नळीत पाणी सोडलं की ती जशी एकेक वेटोळं फुगत जाते तसं त्या म्हाताऱ्या अंगात काहीतरी भरत गेलं. मग ते उभे राहिले आणि त्यांनी बाळला चोर म्हटलं, गधडा म्हटलं, लिफ्टखात्याला लागलेली वाळवी म्हटलं. त्याच्या दोन्ही पदव्यांचा उद्धार केला. चहा थंड असल्याचं सांगितलं. दूधवाला मापात मारतो हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही, तेही विचारलं. आई भिंतीला टेकून हे सगळं असं ऐकत होती, जसं कुणी आजाऱ्याला भूक लागल्याचं ऐकावं.

"मूळ गिअरबॉक्स आजच्या आज परत बसवायचा," अण्णा म्हणाले. "माझ्या डोळ्यांसमोर. आणि मग तू पुन्हा परीक्षेला बसायचंस." त्यांनी दाढी केली, कुणाला न विचारता, आणि सगळ्यांना डब्यात कोंबून मिस्त्रीच्या गॅरेजवर नेलं.

मिस्त्रीनं जुना बॉक्स कोपऱ्यातून ओढून आणला. बसवायला त्याची ना नव्हती. "बसतंय," असं तो म्हणालाही. पण बसवण्याआधी आतलं एकदा बघून घेऊ म्हणून त्यानं झाकण उघडलं, बोटांनी चाचपलं आणि पहिल्या गिअरचं चाक बाहेर काढून बाकावर ठेवलं. त्याला दात असे नव्हतेच. होत्या त्या हिरड्या. काही जागी नुसतं गुळगुळीत लोखंड.

"आता नाही बसत," मिस्त्री म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून हे निघालं असावं, कारण तो स्वतःच चपापला.

अण्णांनी ते चाक हातात घेऊन उजेडात फिरवलं. मग बाळपुढे धरलं.

"बघ तुझे प्रताप."

बाळ खाली बघू लागला. ती त्याची जुनी सवय. तेवढ्यात मागून आई बोलली. ती गॅरेजच्या दाराशी एका उलट्या पिंपावर बसली होती, पर्स मांडीवर घेऊन.

"तो वर्षातनं एकदा चालवतो," आई म्हणाली. "तुम्ही रोज चालवता."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मला ऐकू येतं, अहो."

मिस्त्री पान्यांची पेटी लावू लागला.

"रोज संध्याकाळी त्या वळणावर," आई म्हणाली. "गाडी आणलीत त्या दिवसापासून. याची परीक्षा सुरू झाली, तेव्हा याला ऐकू जाऊ नये म्हणून मी मिक्सर लावायला लागले. रोज त्याच वेळेला एवढं काय वाटायचं असतं, हे कुणी कधी विचारलं नाही. निम्म्या दिवशी भांडं रिकामं असायचं."

बाळनं आईकडे पाहिलं. त्याचा आवाज फाटला. "मग मला का नाही सांगितलंस? मी दरवर्षी तिथं..."

"तुझं खर्र झालं तरी तू संध्याकाळी नीट जेवायचास," आई म्हणाली. "हे जेवले नसते."

हा न्याय नव्हे. आयांच्या हातून न्याय होत नाही. जो सोसू शकेल त्याच्या पाठीवर त्या ओझं ठेवतात, आणि सोसणाऱ्याची पाठ कायमची वाकते हे त्यांना दिसत असतं, तरी ठेवतात. बाळला राग आवरत नव्हता. आणि त्याच वेळी त्याला दिसत होतं की अण्णा ते बोडकं चाक कोटाच्या खिशात घालायचा प्रयत्न करताहेत आणि ते खिशात मावत नाहीये.



नवा गिअरबॉक्सच गाडीत राहिला, कारण दुसरा इलाज नव्हता. पण बाळनं दुसऱ्या दिवशी लिफ्टला लावतात तसलं लाल सील आणून दांड्याला बांधलं. रिव्हर्सचं कडं परत बसल्याशिवाय ही गाडी जागची हलणार नाही, असं त्यानं अण्णांच्या तोंडावर सांगितलं. अण्णा रागानं सीलकडे बघत राहिले, पण त्यांनी ते तोडलं नाही. सरकारी सील होतं. आणि बहुधा पहिल्यांदाच आपला मुलगा नोकरीवर काय करतो हे त्यांनी जवळून पाहिलं.

कडं बसलं, मागचा चेपलेला पत्राही ठोकून झाला. सील निघालं. त्या संध्याकाळी अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि बाळ शेजारी. सोफ्यातला फोम अर्धा काढून टाकला होता, तरी अण्णांनी टोपी कानांपर्यंत घट्ट ओढून घेतली होती. खाली मोकळ्या रस्त्यावर सगळं ठीक चाललं. चढ लागला, वळण आलं, आणि अण्णांच्या पायांनी आयुष्यभराची कवायत सुरू केली. क्लच, सोड, टिचकी, पुन्हा क्लच. नव्या बॉक्सला त्यातलं काहीच नको होतं. हात डावीकडे पुढे गेला. टक्. कड्यानं अडवलं. पुन्हा पुढे. टक्. इंजिन बंद पडलं, गाडी मागे सरकू लागली आणि बाळनं हँडब्रेक ओढला.

"डावीकडे मागे, अण्णा."

"माहितीय मला."

तिसऱ्या खेपेला गिअर पडला. गाडी धक्के खात चढली, फाटकातून आत आली आणि गॅरेजसमोर थांबली. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत दिवा होता, भांड्यांचा बारीक आवाज होता. मिक्सर लागला नव्हता.

अण्णांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले होते. हातांवर तपकिरी डाग पडले होते. ते बाळकडे न बघता समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखे बोलले.

"जमलं का?"

बाळच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते त्याला इतकं पाठ होतं की झोपेतही आलं असतं. पुढच्या वर्षी बघू. त्यानं तोंड उघडलं, आणि मग त्याला त्या उत्तरातलं पुढचं वर्ष दिसलं, आणि अण्णांचे हात दिसले.

"उद्या बघू," तो म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. किल्ली काढून त्यांनी क्षणभर मुठीत धरली.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.